साधं राहायचं, पण कुणाच्या श्रमावर?

पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडायची, शहरातलं मोठं घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं, लहान घरात नाहीतर गावी जाऊन राहायचं, गरजा कमी करायच्या आणि बाजारामागे धावणं थांबवायचं, असा निर्णय घेणारी मध्यमवर्गीय जोडपी आता आपल्या आसपास बरीच दिसतात. त्यांची व्याख्यानं होतात, दिवाळी अंकांतून त्यांच्यावर लेख येतात. लेखासोबत बहुधा एक फोटो असतो. नवरा भाजीच्या वाफ्यापाशी उभा आणि मागे पडवीत, किंचित अंधारात, बायको. मुलाखत त्याची असते. तो चंगळवादावर बोलतो, प्लास्टिकवर बोलतो, माणसानं निसर्गाकडे परत जाण्यावर बोलतो. लेखाच्या शेवटी एखादं वाक्य तिच्या तोंडी येतं : 'सुरुवातीला जड गेलं, पण आता सवय झाली.' काय जड गेलं आणि सवय कशाची झाली, हे तिला कुणी विचारत नाही. मला त्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे.

आधीच सांगते, साध्या राहणीला माझा विरोध नाही. उलट, या विषयावर बोलण्याचा आपल्या चळवळीला पूर्ण हक्क आहे. १९९१ साली नवं आर्थिक धोरण आलं आणि बाजार घरात शिरला, तेव्हा त्यानं पहिला मोर्चा बाईकडे वळवला. तिचा रंग, तिचे केस, तिचं स्वयंपाकघर, तिच्या मुलाच्या दुधात घालायची पूड, सगळ्यांत काहीतरी कमी आहे आणि ते विकत मिळतं, हे तिला रोज सांगितलं गेलं. १९९४ साली एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब भारतात आले. १९९६ साली बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. बाईच्या शरीराची विक्री आणि बाईला केलेली विक्री या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे आपण तेव्हापासून म्हणत आलो आहोत. साध्या सुती साड्या, हुंडा आणि मानपान नसलेली नोंदणी पद्धतीची लग्नं, हळदीकुंकवातल्या वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांना नकार, हे सगळं आपल्यातल्या कितीतरी जणींनी घरच्यांचे टोमणे ऐकत केलं आहे. तेव्हा साधेपणा ही आपल्याला बाहेरून कुणी शिकवावी अशी गोष्ट नाही.

प्रश्न एवढाच आहे की साधेपणाचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा.

अमेरिकेत १९९२ साली 'युवर मनी ऑर युवर लाइफ' नावाचं एक पुस्तक निघालं. व्हिकी रॉबिन आणि जो डॉमिंग्वेझ यांनी ते लिहिलं. लवकर निवृत्त होऊन थोडक्यात जगू पाहणाऱ्या तिकडच्या अनेकांनी ते प्रमाण मानलं आणि इंटरनेटमुळे त्यातला विचार आता आपल्याकडेही पोचला आहे. त्यातली मुख्य कल्पना साधी आणि पटणारी आहे. पैसा मिळवताना आपण आयुष्याचे तास देतो. मग कुठल्याही वस्तूची किंमत रुपयांत न मोजता, ती घेण्यासाठी आयुष्याचे किती तास द्यावे लागले त्यावर मोजावी. पाच हजारांची वस्तू घेताना 'यासाठी मी वीस तास राबले' असं मनात आलं, की हात आपोआप आखडतो. खर्च कमी, म्हणजे नोकरी करण्याची गरज कमी, म्हणजे हाती उरलेलं आयुष्य जास्त.

हे गणित चांगलंच आहे. फक्त ते घराच्या दारात थांबवू नये, दार ओलांडून स्वयंपाकघरातही न्यावं. कारण वस्तू घरात न आणल्यानं त्या वस्तूनं होणारं काम नाहीसं होत नाही. ते कुणीतरी करतं. विकतचं पीठ बंद केलं की गहू निवडायचं, वाळवायचं आणि गिरणीत न्यायचं काम येतं. विकतचे मसाले, लोणची, पापड बंद केले की ते करणारे हात लागतात. कपडे धुण्याचं यंत्र काढलं की बादली आणि ब्रश येतो. बाहेरचं खाणं बंद झालं की आठवड्याचे एकवीस वेळचे खाणेपिणे घरात येते. कोकणातल्या घरी राहायला गेलं, तर विहिरीचं पाणी, पावसाळ्याआधी भरून ठेवायचं सरपण, अंगण सारवणं, आगोटीची बेगमी ही सगळी कामं 'निसर्गाच्या सान्निध्यात' या दोन शब्दांत बसवली जातात.

ही कामं वाईट आहेत असं नाही. पण ती कोण करतं हे सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली आणि २०२४ साली पुन्हा केली. २०१९च्या पाहणीत दिवसभरात बिनपगारी घरकाम केलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८१ टक्के होतं आणि पुरुषांचं २६ टक्के. म्हणजे चारांतले जवळपास तीन पुरुष त्या दिवशी घरात काडीही इकडची तिकडे करत नव्हते. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला. जे पुरुष घरकाम करतात, त्यांचा ८८ मिनिटं. मुलं, आजारी, म्हातारी माणसं यांच्या देखभालीत बाईची १३७ मिनिटं आणि पुरुषाची ७५. हे आकडे गरीब-श्रीमंत, शहरी-ग्रामीण सगळ्यांचे मिळून आहेत. पाच वर्षांत त्यांत फरक पडला तो थोड्या मिनिटांचा.

आता या घडीत साधेपणा आणून बसवा. समजा, एका घरानं वस्तू आणि सेवा कमी करून महिन्याला तीन हजार रुपये वाचवले आणि त्यासाठी घरातलं काम दिवसाला तीन तासांनी वाढलं. महिन्याचे नव्वद तास झाले. म्हणजे बचत पडली तासाला तेहतीस रुपये. हे नव्वद तास नवरा-बायकोनं निम्मे निम्मे वाटून घेतले असतील, दोघांनाही ते काम आवडत असेल, तर कुणी हरकत घेण्याचं कारण नाही. पण नव्वदातले पंच्याहत्तर तास तिच्या अंगावर पडत असतील, तर तिथे गरजा कमी झालेल्या नसून खर्च एका खिशातून दुसरीकडे गेला आहे. आणि ज्या खिशात गेला, तो मोजलाच जात नाही. त्याला विचारावं, की बाबा रे, तेहतीस रुपये तासानं तू पापड लाटायला बसशील का? त्यानं आयुष्याचे तास वाचवण्यासाठी नोकरी सोडली, आणि तिचे तास त्याच्या वहीत धरलेच नाहीत.

साधेपणाची पहिली काट बहुधा कुठे बसते, हेही पाहायला हवं. 'आता आपण घरीच आहोत, मावशींची काय गरज?' हे वाक्य निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यातच येतं. बारा वर्षं धुणी-भांडी करणाऱ्या बाईला पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं सांगितलं जातं. एका बाईची मजुरी जाते आणि दुसऱ्या बाईच्या अंगावर तेच काम बिनमजुरीचं येतं. ज्या घरात हा निर्णय 'श्रमप्रतिष्ठे'च्या नावानं होतो, तिथे दुसऱ्या दिवशी झाडू कुणाच्या हातात आहे ते पाहावं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तो पगार आणि सुट्ट्यांसाठी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण एका घरात दहा-बारा वर्षं राबून बाहेर पडताना त्या बाईला कायद्यानं हातात काही पडेल, अशी सोय आजही नाही. घरमालकाला मात्र निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मिळालेली असते, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं. तोच हिशेब आपण मावशींना लावावा. महिना दोन हजार आणि बारा वर्षं म्हणजे, अर्धा महिना धरला तरी, बारा हजार रुपये होतात. साधं राहायला निघालेल्या माणसानं एवढं देऊन निघावं. ज्याला हा खर्च जड वाटतो, त्यानं आपला साधेपणा दुसऱ्याच्या पोटावर उभा आहे का, हे एकदा तपासावं.

साधेपणाचा निर्णय कोण घेतं, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या देशात साध्या राहणीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्या गांधीजींनी आपल्या आत्मकथेत दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. १९०१ साली ते दक्षिण आफ्रिकेतून परत यायला निघाले, तेव्हा तिथल्या हिंदी लोकांनी सोन्याचांदीच्या आणि हिऱ्याच्या भेटी दिल्या. त्यांत पन्नास गिनी किमतीचा एक सोन्याचा हार कस्तुरबांना दिलेला होता. गांधीजींनी सगळ्या भेटी सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे द्यायचं ठरवलं. बायकोला पटवणं अवघड जाणार हे ओळखून त्यांनी आधी मुलांना आपल्या बाजूला घेतलं. कस्तुरबांनी विरोध केला. उद्या सुना येतील त्यांना काय घालू, असं त्या म्हणाल्या. हार मला दिलेला आहे, त्यावर तुमचा हक्क काय, असंही त्यांनी विचारलं. तो तुझ्या सेवेबद्दल मिळाला की माझ्या, या गांधीजींच्या प्रश्नावर त्यांनी दिलेलं उत्तर प्रत्येक स्त्रीवादी अभ्यासवर्गात वाचलं पाहिजे. तुमची सेवा ती माझीही सेवा झाली, मी तुमच्यासाठी रात्रंदिवस राबले ती सेवा नव्हे का, असा त्या उत्तराचा आशय आहे. घरकामाच्या मोलाचा सिद्धांत अजून कुणी मांडायचा होता, तेव्हा एका शाळेत न गेलेल्या बाईनं तो नवऱ्याच्या तोंडावर मांडला. हार अर्थातच गेला.

दुसरा प्रसंग विम्याचा. गांधीजींनी मुंबईत असताना दहा हजार रुपयांचा आयुर्विमा उतरवला होता. पुढे जोहान्सबर्गला अपरिग्रहाचा विचार मनात पक्का झाल्यावर त्यांनी हप्ते भरणं थांबवलं. बायकामुलांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, विमा उतरवून आपण त्यांचा स्वावलंबीपणाच हिरावून घेतला, असा त्यांचा विचार होता. हा विचार थोर असेल. पण ज्या बाईच्या नावावर काहीही नाही, जिला शिक्षण मिळालेलं नाही, चार मुलं आहेत, तिच्या स्वावलंबनाचा निर्णय तिच्या वतीनं नवऱ्यानं घेतला, हेही तितकंच खरं आहे. याच कस्तुरबा १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या आणि १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, वारल्या. त्यांना त्याग जमत नव्हता असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. त्यांनी विरोध केला होता तो आपल्याला न विचारता केलेल्या त्यागाला. आणि हे दोन्ही प्रसंग गांधीजींनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले, म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. आजच्या निवृत्तांच्या मुलाखतींत एवढाही प्रामाणिकपणा सहसा आढळत नाही.

सोन्याचा प्रश्न इथे पुन्हा येतो. साध्या राहणीवरचं व्याख्यान सोन्यावर घसरल्याशिवाय राहत नाही. बायकांचा सोन्याचा सोस हा सगळ्यांचा आवडता विषय. मलाही सोन्याचं कौतुक नाही. पण आपल्या देशात बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, बँकेतली ठेव नवऱ्याच्या पहिल्या नावानं. तिच्या हातात म्हणून जे राहिलं, ते तिच्या अंगावरचं. स्त्रीधन ही बाईची स्वतःची संपूर्ण मालमत्ता आहे, सासरच्यांनी ती केवळ सांभाळायला घेतलेली असते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभाराणी खटल्यात स्पष्ट केलं. इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टानं जे मान्य झालं, ते 'आता आपल्याला कशाला हवंय सोनं' या एका वाक्यानं मोडून गावाकडच्या घराच्या कौलांत घालू नये. मोडायचंच असेल तर त्या घराच्या कागदावर तिचं नाव हवं.

नावाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून पाहू. लवकर निवृत्ती म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं कमी उत्पन्नावर काढायची. नवरा साधारणपणे चार-पाच वर्षांनी मोठा असतो आणि बाई त्याच्यापेक्षा जास्त जगते. म्हणजे या साध्या आयुष्याची शेवटची आठ-दहा वर्षं बहुधा तिची एकटीची असणार. महागाई वाढलेली असेल, औषधं वाढलेली असतील, आणि पेन्शन मात्र कमी झालेली असेल. खाजगी कारखान्यातल्या नोकरीत १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेचं उदाहरण घ्या. पेन्शनचं वय ५८. पन्नाशीनंतर आधी घ्यायची म्हटली, तर जितकी वर्षं अलीकडे घ्याल तितक्या वर्षांची दर वर्षाला चार टक्के घट होते, आणि ती घट कायमची असते. नवरा पेन्शन घेत असताना गेला, तर बायकोला त्याच्या निम्मी मिळते. म्हणजे त्यानं लवकर निवृत्त होण्याची किंमत त्याच्या पश्चात तीही भरत राहते. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ साली महिना एक हजार रुपये केली गेली. जी बाई एवढ्यावर दिवस काढते, तिला साधी राहणी शिकवायला कुणी जात नाही. तिची साधी राहणी कुठल्या दिवाळी अंकात छापून येत नाही. निवड करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

गावी जाऊन शेती करायचं ठरलं, तर सातबारा पाहावा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीचा असतो, म्हणून नवी जमीनही सहज त्याच्याच नावे होते. तिच्या फंडाचे, तिच्या दागिन्यांचे पैसे त्यात असले तरी उताऱ्यावर ती नसते. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती. आयुष्यभर शेतात राबलेल्या बायकोच्या नावे नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा करून द्यावा, असं आवाहन होतं आणि कितीतरी गावांतल्या साध्या शेतकऱ्यांनी ते मनावर घेतलं. जे कमी शिकलेल्या शेतकऱ्यांनी केलं, ते शहरातून निसर्गाच्या ओढीनं आलेल्या सुशिक्षितांना अवघड वाटू नये. घर घ्यायचं असेल, तर निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. काटकसर करणाऱ्यांनी निदान ही काटकसर तरी करावी!

आतापर्यंत मी नवऱ्याच्या निवृत्तीबद्दल बोलले. बायकाही नोकरी सोडतात. त्यांच्या बाबतीत 'स्वेच्छा' हा शब्दच तपासून घ्यावा लागतो, कारण कामावरून बाईला लवकर घरी पाठवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातल्या मुलींना लग्न केलं की नोकरीवरून काढण्याचा नियम होता. त्याविरुद्ध युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६५ साली तो नियम रद्द झाला. हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच निवृत्त करण्याची अट १९८१ साली न्यायालयानं रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट मात्र तशीच ठेवली. गिरण्यांमधून बायका १९८२च्या संपाच्या कितीतरी आधी हळूहळू बाहेर काढल्या गेल्या होत्या. संपानंतर आणि पुढे नव्वदच्या दशकात कारखान्याकारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. त्यांत स्वेच्छा कुणाची होती हे कामगारांना चांगलं ठाऊक आहे. २०००-०१ साली सरकारी बँकांनी योजना आणली, पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्यांसाठी. सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांत शिरलेल्या, घर आणि नोकरी अशा दोन पाळ्या वीस-पंचवीस वर्षं ओढलेल्या कितीजणी त्यांत होत्या. २०१९ साली बीएसएनएलच्या योजनेत पुन्हा सुमारे ७८ हजार जणांनी नोकरी सोडली.

यांतल्या अनेक जणींनी खरोखरच आनंदानं निर्णय घेतला. लोकलचे धक्के संपले, सकाळी सहाला डबे भरणं संपलं. त्यांच्या गरजा मुळातच थोड्या होत्या. वाचायचं होतं, गाणं शिकायचं होतं, संस्थेत काम करायचं होतं, कधी नुसतं बसायचं होतं. पैसा कमी झाला तरी वेळ मिळणार होता. आणि तोच मिळाला नाही. 'आता तू घरीच असतेस ना' हे वाक्य आलं. सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलीचं बाळंतपण, नातवंडाची शाळेची बस, भावजयीचं ऑपरेशन, सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद. ज्याला ज्याला बाई हवी होती, त्या सगळ्यांनी तिचा मोकळा वेळ आधीच वाटून घेतला होता. निवृत्त पुरुषाचा वेळ हा त्याचा छंद, त्याचं वाचन, त्याचं समाजकार्य. निवृत्त बाईचा वेळ मात्र सार्वजनिक नळासारखा, ज्यानं यावं त्यानं भरून न्यावा. म्हणून नोकरी सोडणाऱ्या बाईनं वस्तूंच्या आधी मागण्या कमी कराव्यात, असं मी म्हणेन. चंगळवाद फक्त दुकानातून येत नाही. कुटुंबाला रोज दोन भाज्या, ताज्या पोळ्या, हातात चहा आणि इस्त्रीचे कपडे हवेत, हाही उपभोगच आहे. त्याचं बिल येत नाही एवढंच.

एकट्या बायकांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अविवाहित, परित्यक्ता, विधवा अशा कितीजणी थोडक्यात आणि छान जगतात. एक खोली, दोन भांडी, वाचनालयाचं सभासदत्व, मैत्रिणी. त्यांच्या साधेपणाला कुणी 'जीवनशैली' म्हणत नाही, बिचारी म्हणतात. खरं तर साधेपणा शिकायचा तर यांच्याकडून शिकावा, कारण त्या स्वतःचा भार स्वतः उचलतात. त्यांचा साधेपणा दुसऱ्या कुणाच्या राबण्यावर उभा नसतो.

मग करायचं काय? ज्या घरात असा निर्णय घाटतो आहे, तिथे दोघांनी एका संध्याकाळी कागद घेऊन बसावं. डाव्या बाजूला पैशाचा हिशेब लिहावा, तो सगळेच लिहितात. उजव्या बाजूला तासांचा लिहावा. आज घरातलं कुठलं काम कोण किती वेळ करतं, उद्या कुठलं वाढेल, ते कोण करील, नावानिशी. 'आपण करू' असं लिहू नये. 'आपण' या शब्दाआड नेहमी तीच सापडते. कुठलं यंत्र काढायचं आणि कुठलं ठेवायचं, यात ज्याचे हात त्या कामाला लागतात त्याचं मत शेवटचं मानावं. मिक्सर आणि कपडे धुण्याचं यंत्र बाईच्या मनगटाला आणि कमरेला दिलेली विश्रांती आहे. दिवाणखान्यातला भिंतभर टीव्ही आधी काढावा, मग त्यांच्याकडे वळावं. घर, जमीन, ठेवी, विमा, पेन्शनचं नामनिर्देशन या प्रत्येकापुढे तिचं नाव कुठे आहे ते लिहावं. कामाच्या मावशींचा हिशेब त्याच कागदावर चुकता करावा. आणि शेवटी एक ओळ तिच्यासाठी मोकळी ठेवावी : मला हे हवं आहे का? त्या ओळीत 'नाही' लिहिण्याची तिला मुभा हवी, आणि 'अजून पाच वर्षांनी' असंही लिहिता यायला हवं. तिची नोकरी चालू असेल आणि तिला ती आवडत असेल, तर त्यानं निवृत्त होऊन घर सांभाळावं, डबा करून द्यावा. साधेपणाचा तो फार चांगला प्रकार आहे आणि आपल्याकडे अजून फारसा कुणी आजमावलेला नाही.

कमी वस्तूंत, कमी पैशांत, जास्त मोकळेपणानं जगता येतं यावर माझा विश्वास आहे. तो मोकळेपणा घरातल्या दोघांच्या वाट्याला आला पाहिजे. ज्या मैत्रिणींच्या घरी असा निर्णय झाला आहे, त्यांनी तो कसा झाला आणि नंतर कोण काय करू लागलं, हे आपल्या अंकासाठी जरूर लिहावं. नवऱ्यांनीही लिहायला हरकत नाही. मात्र तासांचा कागद सोबत जोडावा.